घरात पाजली म्हणून गुन्हा धुऊन निघत नाही

बारावीचा निकाल लागला आणि सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरू लागला. ‘मुलं पिणारच आहेत. पबमध्ये जाण्यापेक्षा घरी, आपल्या डोळ्यांदेखत प्यायलेली काय वाईट? घरात कायदा लागत नाही. बीअर म्हणजे काही दारू नव्हे. बाकीच्या पालकांचा होकार तेवढा घेऊन ठेवा.’ खाली अंगठ्यांची रांग. अंगठे देणारे बहुतेक माझ्या ओळखीचे, पोरांवर जीव टाकणारे आईबाप आहेत. म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

‘घरात कायदा लागत नाही.’ बालन्याय कायदा, 2015 चं कलम 77 काढून वाचा. डॉक्टरने सांगितल्याशिवाय जो कोणी 18 वर्षांखालच्या मुलाला दारू देईल किंवा द्यायला लावेल, त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कुठे दिली, बारमध्ये की दिवाणखान्यात, हे कलम विचारतच नाही. देणारा सख्खा बाप असला तरी सूट नाही. हो, 2021 च्या दुरुस्तीने हा गुन्हा अदखलपात्र केला, म्हणजे एवढ्या एका कलमावर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास किंवा अटक करू शकत नाहीत. पण त्याच दुरुस्तीत तो अजामीनपात्र आहे. ही अर्धी बाजू मेसेजवाल्यांनी वाचलेली दिसत नाही.

‘बीअर म्हणजे दारू नव्हे.’ महाराष्ट्रात बीअरसाठी वय 21 लागतं, कडक दारूसाठी 25, आणि परवाना वेगळा. पोरगं अठराचं झालं की कलम 77 मागे पडतं, दारूबंदी कायदा पडत नाही. मतदानाचं वय आणि पिण्याचं वय आपल्याकडे एक नाही.

मेसेजखाली एकाने लिहिलं होतं, ‘आम्ही कुठे देतो, पोरंच घेऊन येतात.’ इथे मला थांबावंच लागेल.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच मजल्यावर वाढदिवसाची पार्टी होती. रात्री साडेबाराला बेल वाजली. आत गेलो तर सोळा वर्षांचा एक मुलगा सोफ्यावर उताणा पडलेला, टी-शर्टवर उलटी, हाक मारली तरी पापणी हलत नव्हती. टेबलावर कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, तिच्यात व्होडका मिसळलेली. ‘झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल,’ असं मोठी माणसंच म्हणत होती. मी त्याला आधी कुशीवर वळवलं, कारण बेशुद्ध माणूस उताणा असला की उलटी श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो. मग गाडीत घालून दवाखाना. यजमान आईबाप संध्याकाळपासून बेडरूमचं दार लावून टीव्ही बघत बसले होते, पोरांना संकोच नको म्हणून. बाटल्या आत येताना त्यांनी पाहिल्या होत्या. मुलाची आई धावत आली. ‘मी त्याला तुमच्या घरी पाठवला होता,’ एवढंच ती म्हणाली.

मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास होऊ शकेल असं त्याच्याकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, तर बालन्याय कायद्याचं कलम 75 आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखाचा दंड किंवा दोन्ही. आईबाप गावाला गेले, घरात पार्टी झाली आणि त्यांना पत्ताच नव्हता, तर गुन्हा सिद्ध होणं अवघड आहे, आणि ते योग्यच आहे. पण बाटल्या पाहून दार लावून घेणं म्हणजे माहीत नसणं नव्हे.

‘शेवटी निबंध लिहून सुटतात.’ हा टोमणा पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातावरून आला. 19 मे 2024 च्या पहाटे 17 वर्षांच्या मुलाच्या पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याच्या जामिनाला घातलेली 300 शब्दांच्या निबंधाची अट सगळ्यांना पाठ आहे. पण दोनच दिवसांत वडिलांना अटक झाली आणि गुन्ह्यात बालन्याय कायद्याची हीच दोन कलमं होती, 75 आणि 77, हे कुणी फॉरवर्ड करत नाही. तिथे दारू बारमध्ये दिली गेली होती, घरात नाही, हे खरं. पण तुमच्या घरून निघालेला पाहुणा मुलगा जिन्यात किल्ली काढतो, तेव्हा मोटार वाहन कायद्याचं 199अ पुढे येतं: अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर त्याच्या पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड. संमती होती असंच कोर्ट धरून चालतं; गुन्हा आपल्या नकळत झाला किंवा तो टाळायची पुरेपूर काळजी घेतली होती, हे त्यानेच सिद्ध करायचं.

‘डोळ्यांदेखत प्यायली की सवय लागत नाही’ हेही तपासलं गेलंय. ऑस्ट्रेलियात सुमारे 1,900 मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतला, 2018 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आईवडिलांनी दारू दिल्याने मुलं वाचतात याचा पुरावा सापडला नाही. उलट अशी मुलं पुढे बाहेरूनही दारू मिळवण्याची शक्यता जास्त दिसली.

राहिला होकार. आपल्या मुलाला दारू द्यायची परवानगी कलम 77 आईबापांना देत नाही, मग ती दुसऱ्याला कशी देणार? ग्रुपवर जमवलेले ते ‘ओके, आमची हरकत नाही’चे मेसेज तुम्हाला वाचवणार नाहीत. मुलं अल्पवयीन आहेत आणि दारू मिळणार आहे, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, एवढं मात्र ते तारीख-वेळेसकट दाखवून देतील.