पापणी पडली म्हणजे पक्षाघात नव्हे

खांद्याच्या ऑपरेशनआधी मानेत देतात त्या भुलेच्या इंजेक्शनबद्दल व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरतोय: या सुईने मेंदूची नस दुखावते, पापणी पडते, आवाज जातो, श्वास अडकतो, म्हणून पूर्ण भूलच मागा, तिच्यात धोका नाही.

पापणी पडू शकते, हे खरं. मेंदूचा मात्र इथे संबंध नाही. या इंजेक्शनला ब्लॉक म्हणतात, त्यात हाताकडे जाणाऱ्या नसांभोवती बधिर करणारं औषध सोडतात. ते आजूबाजूला पसरतं आणि मानेतल्या सिंपथेटिक मज्जातंतूंच्या साखळीलाही भिजवतं. पापणी थोडी उचलून धरणं, बाहुली मोठी करणं, चेहऱ्याला घाम आणणं ही या साखळीची कामं. ती बधिर झाली की त्या बाजूची पापणी एक-दोन मिलिमीटर उतरते, बाहुली बारीक होते, डोळा लालसर दिसतो, नाक चोंदतं. स्विस नेत्रतज्ज्ञ हॉर्नर यांनी १८६९ मध्ये ही लक्षणं नोंदवली, त्यांचंच नाव या प्रकाराला आहे.

नातेवाईक घाबरतात ते साहजिक आहे, कारण त्याच बाजूचा हातही लुळा असतो. पण ब्लॉकमुळे तोंड वाकडं होत नाही, बोलताना शब्द अडखळत नाहीत, पाय लुळा पडत नाही. यातलं काही दिसलं, तर ब्लॉकवर ढकलून थांबू नका, लगेच डॉक्टरांना बोलवा.

आवाज ‘जात’ नाही, बसतो. स्वरयंत्राच्या नसेपर्यंत औषध पोचल्याने तसं होतं, औषध उतरलं की सुटतो.

श्वासाबाबत मात्र संदेशात तथ्य आहे. वीसेक मिलिलिटर औषध देण्याच्या जुन्या पद्धतीत त्या बाजूचं श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) जवळपास प्रत्येक वेळी काही तास निकामी होतं. धडधाकट माणसाला ते बहुधा जाणवतही नाही. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या, पेशंटला मात्र जड जाऊ शकतं. अशा वेळी भूलतज्ज्ञ सोनोग्राफीवर बघत औषध कमी देतात किंवा दुसरा ब्लॉक निवडतात. फुप्फुसाचा आजार असेल तर आधीच सांगा, एवढं एक वाक्य त्या संदेशात असतं तरी पुष्कळ होतं!

आणि पूर्ण भूल बिनधोक? तिच्यातही बीपी घसरतो, उलट्या होतात. शिवाय जाग आल्यावर खांदा ठणकतो, त्यासाठी अफूवर्गातली वेदनाशामकं द्यावी लागली तर तीही श्वास मंदावतात.

ब्लॉकमध्ये वापरतात त्या बुपिव्हकेन या औषधाचा असर रात्रभर टिकू शकतो, त्यामुळे घरी आल्यावरही पापणी उतरलेली दिसेल. हात पूर्ण मोकळा होऊनही ती तशीच राहिली, मानेवर सूज वाढू लागली किंवा धाप लागली, तर रुग्णालयाला ताबडतोब फोन करा.