कडक इस्त्रीनं विमान सुरक्षित होत नाही

गेले काही दिवस साताऱ्यातल्या बऱ्याच ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. माजी सैनिकांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, सकाळी अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणाऱ्यांचा ग्रुप, सगळीकडं तोच. वर दोन फोटो आहेत. डावीकडं टोपी घातलेला, गुळगुळीत दाढी केलेला जुन्या काळचा कॅप्टन आणि उजवीकडं दाढी राखलेला, बोडक्या डोक्याचा आजचा पायलट. खालचा मजकूर थोडक्यात असा: पायलटचा युनिफॉर्म हवाई दलाकडून आला, त्याचा मान आता उरला नाही. दाढीला कायद्यानं बंदी आहे, तरी ही पोरं ठेवतात. पूर्वी कॅप्टनपुढं बोलायची कुणाची टाप नव्हती, आता कालचा को-पायलट उलट बोलतो. दारू पिऊन, रील काढत विमानं चालवतात, म्हणून अपघात वाढलेत. असा पायलट दिसला तर फोटो काढा आणि पुढं पाठवा.

आपल्याकडं हे चटकन पटतं, याचं नवल नाही. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यात सुरू झालं. घराघरांतून फौजी देणारं अपशिंग्यासारखं गाव जिल्ह्यात आहे. वर्दीच्या इस्त्रीवरून माणूस जोखायची सवय इथं पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. फौजेत तिचा उपयोग असेलही. प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये मात्र तीच सवय एका जागी घात करते.

आधी युनिफॉर्म. तो हवाई दलाकडून आलेला नाही. १९३०च्या दशकात पॅन अॅम ही अमेरिकन कंपनी पाण्यावर उतरणारी मोठी विमानं चालवू लागली. त्याआधी वैमानिक चामडी जाकीट घालून उडायचे. विमानात बसायला लोक घाबरत, पण बोटीच्या कप्तानावर त्यांचा भरवसा होता. म्हणून कंपनीनं आपल्या वैमानिकांना जहाजावरच्या अधिकाऱ्यांसारखा गडद निळा कोट, टोपी आणि पट्ट्या दिल्या. कॅप्टन, फर्स्ट ऑफिसर ही पदंही तिथूनच उचलली. प्रवाशाला धीर यावा, तिकिटं खपावीत, असा साधा हिशेब होता. त्यात वावगं काही नाही. पण खांद्यावरच्या चार पट्ट्या राष्ट्रपतींच्या हस्ते मिळत नाहीत, कंपनी देते. टोपी हवी की नको, तेही तीच ठरवते. आकासा एअरनं २०२२मध्ये केबिन क्रूला चक्क स्नीकर दिले. त्यानं विमानाचं काही बिघडलं नाही.

दाढीबद्दलच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. पस्तीस हजार फुटांवर केबिनमधला हवेचा दाब गेला, तर माणूस भानावर असण्याचा काळ तीस सेकंद ते एक मिनिट एवढाच असतो. म्हणून कॉकपिटमधला ऑक्सिजन मास्क एका हातानं, पाच सेकंदांत चढवता येईल असाच बनवलेला असतो. दाढीमुळं तो चेहऱ्याला नीट चिकटणार नाही, ही शंका जुनी आहे आणि त्यापायी अनेक कंपन्यांनी दाढीला बंदी घातली. पण तो कंपन्यांचा नियम झाला, देशाचा कायदा नव्हे. कॅनडात सायमन फ्रेझर विद्यापीठानं वेगवेगळ्या लांबीच्या दाढ्या घेऊन कमी दाबाच्या चेंबरमध्ये चाचण्या केल्या. फरक आढळला नाही, आणि २०१८मध्ये एअर कॅनडानं नीट कातरलेल्या दाढीला परवानगी दिली. एवढं लांब जायचीही गरज नाही. आपल्या देशात शीख वैमानिक वर्षानुवर्षं दाढी-पगडीसह विमानं चालवत आलेत. ज्या हवाई दलाचा दाखला फॉरवर्ड देतो, त्याच दलाचे मार्शल अर्जनसिंग यांचा फोटो एकदा पाहावा.

आता तो कॅप्टनपुढं न बोलण्याचा मुद्दा. घात करणारी जागा ती हीच.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरिफ बेटावरचा विमानतळ, धावपट्टीवर दाट धुकं. केएलएम या डच कंपनीच्या जम्बो जेटचा कॅप्टन म्हणजे कंपनीचा या विमानाचा मुख्य प्रशिक्षक, रुबाबदार माणूस. कंपनीच्या जाहिरातीत त्याचाच फोटो होता. त्याच्या शेजारी बसलेल्या फर्स्ट ऑफिसरला दोनच महिन्यांपूर्वी त्यानं स्वतः तपासून पास केलं होतं. कॅप्टननं थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमी-जास्त करणारे दांडे, पुढं सरकवले, तेव्हा परवानगी अजून मिळाली नसल्याचं फर्स्ट ऑफिसरनं एकदा सांगितलं. थोड्या वेळानं कॅप्टननं पुन्हा टेकऑफ सुरू केला. परवानगी तेव्हाही नव्हती, पण या वेळी त्याला ठामपणे कुणी अडवलं नाही. त्याच धावपट्टीवर असलेलं पॅन अॅमचं विमान बाजूला झालंय ना, असं मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं विचारलं. कॅप्टननं ठासून 'हो' म्हटलं, आणि विषय संपला. ते विमान समोरच होतं. ५८३ माणसं गेली. फॉरवर्डच्या डावीकडच्या फोटोतला नमुनेदार कॅप्टन हवा असेल, तर तो हा होता.

आपल्याकडचं उदाहरण मंगळुरूचं. २२ मे २०१०ला दुबईहून आलेलं विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं आणि १५८ जण गेले. चौकशी अहवालानुसार कॅप्टन प्रवासातला बराच वेळ झोपेत होता. उतरताना विमान जास्त उंचीवर होतं, आणि को-पायलटनं तीन वेळा गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायला सुचवलं. कॅप्टननं ऐकलं नाही, आणि को-पायलटनं कंट्रोल हातात घेतले नाहीत. फॉरवर्डच्या भाषेत त्या तरुणानं 'उलट बोलायला' हवं होतं, आणि त्याहून जास्तही काही करायला हवं होतं.

टेनेरिफसारख्या अपघातांनंतर १९७९मध्ये नासानं एक कार्यशाळा घेतली. त्यातून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट हे प्रशिक्षण उभं राहिलं. धाकट्यानं शंका स्पष्ट बोलायची आणि थोरल्यानं ती ऐकायची, हे त्यात रीतसर शिकवतात. आज आपल्याकडंही ते सक्तीचं आहे. त्याचं फळ १९ जुलै १९८९ला अमेरिकेत सू सिटीला दिसलं. युनायटेड कंपनीच्या डीसी-१० विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा, ज्यांच्यावर विमान वळवणं अवलंबून असतं, त्या गेल्या होत्या; हाती उरला तो फक्त इंजिनांचा जोर. कॅप्टन अल हेन्स यांनी मागं प्रवासी म्हणून बसलेल्या डेनिस फिच या ट्रेनिंग कॅप्टनला पुढं बोलावलं आणि थ्रॉटल त्याच्या हाती दिले. २९६पैकी १८४ जण वाचले, आणि हेन्स यांनी त्याचं श्रेय याच प्रशिक्षणाला दिलं. 'मी कॅप्टन आहे, मला शिकवू नका' असं ते म्हणाले असते तर? मुलगा किंवा मुलगी पायलट व्हावी म्हणून लाखो रुपये भरायला निघालेल्या आपल्याकडच्या पालकांनी पोरांना सॅल्यूटच्या आधी हे शिकवावं, असं मला वाटतं.

दारूचं लवकर आटपतो. भारतातला नियम अमेरिकेपेक्षा कडक आहे. तिथं शेवटचा घोट आणि उड्डाण यांत आठ तासांचं अंतर लागतं, आपल्याकडं बारा. तिथं रक्तात ०.०४ टक्क्यांच्या खाली चालतं, आपल्याकडं शून्य. पहिल्यांदा सापडला तर लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. अल्कोहोल असलेलं माउथवॉशसुद्धा वापरायचं नाही. पकडले गेल्याच्या बातम्या येतात, कारण तपासणी होते.

रील आणि कॉकपिटमधल्या असल्या बेफिकिरीबद्दल मात्र फॉरवर्डशी माझं भांडण नाही. २०२३च्या होळीला दिल्ली–गुवाहाटी विमानातल्या दोघा वैमानिकांनी कॉकपिटच्या मधल्या कन्सोलवर कॉफीचा पेला ठेवला होता, आणि त्यांना ड्युटीवरून काढलं गेलं. त्याच वर्षी दुबई–दिल्ली विमानात एकानं मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं. डीजीसीए या हवाई वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं कंपनीला ३० लाखांचा दंड केला आणि त्याचं लायसन्स तीन महिने निलंबित केलं. फक्त हे आजच्या पिढीचं खूळ म्हणू नका. १९७४ साली अमेरिकेत शार्लटला उतरताना कॉकपिटमध्ये राजकारण आणि जुन्या गाड्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. विमान धावपट्टीआधीच पडलं आणि सत्तरहून जास्त माणसं गेली. दहा हजार फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नाही, हा नियम १९८१मध्ये त्यातूनच आला. गप्पा मारणारे ते सत्तरच्या दशकातलेच वैमानिक होते.

अपघात वाढलेत का? १९७२ या एका वर्षात जगभर विमान अपघातांत दोन हजारांवर माणसं गेली. आज त्याच्या कितीतरी पट उड्डाणं होतात, तरी २०१७मध्ये जगात कुठंही प्रवासी जेटच्या अपघातात एकही प्रवासी दगावला नाही. २०२५ला अहमदाबादेत २६० जण गेले, ती जखम ताजी आहे. पण एका अपघातावरून पन्नास वर्षांचा कल उलटत नाही.

खरी काळजी असेल तर पायलटची झोप झाली का, ते विचारा. जुलै २०२५पासून वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली, नोव्हेंबरमध्ये रात्रीच्या ड्युटीचे नियम कडक झाले. एका मोठ्या कंपनीनं त्याची तयारी केली नव्हती. डिसेंबरमध्ये हजारो उड्डाणं रद्द झाली आणि नियमच काही काळ सैल करावे लागले. याच्यावर एकही फॉरवर्ड मला आलेला नाही.

राहिला फोटो काढून पाठवण्याचा सल्ला. अनोळखी माणसाचा फोटो गावभर फिरवणं ही कसली शिस्त? वैमानिकाच्या तोंडाला दारूचा वास आला किंवा तो धडपडताना दिसला, तर दरवाजे बंद होण्याआधी तिथल्या तिथं केबिन क्रूला सांगा. नंतर तक्रार करायची असेल, तर कंपनीकडं लेखी द्या किंवा सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाका. फ्लाइट नंबर, तारीख आणि नेमकं काय घडलं, एवढं लिहिलं की पुरे.