जर्मनीची अट सांगता, तर जर्मनीचे वर्गही सांगा

महाराष्ट्रात मराठी-अमराठी वाद पेटला की एक वाक्य हमखास येतं, "जर्मनीत जाऊन बघा, भाषा आल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही." २०२५ मध्ये मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराच्या कानाखाली वाजवली गेली, तेव्हाही समर्थनाला हाच दाखला होता. जर्मनीत राहून हे ऐकताना संताप येतो, कारण सांगणारा अर्धंच सांगतो.

अट आहेच. जून २०२४ पासून नागरिकत्वाला आठऐवजी पाच वर्षांचं वास्तव्य पुरतं; तीन वर्षांतच नागरिकत्व देणारी खास सवलत ऑक्टोबर २०२५ मध्ये गेली. जर्मन बी१ पातळीची, म्हणजे रोजचे व्यवहार निभावण्याइतपत हवी. शिवाय जर्मनीचा कायदा आणि समाज यांवर ३३ प्रश्नांची चाचणी, त्यात १७ बरोबर यावे लागतात, आणि सगळी प्रश्नपेढी आधीच जाहीर असते. अर्जाची फी २५५ युरो. इथे शिकायला आलेली आपली मुलं अडकतात ती बहुतेकदा राहण्याच्या परवान्यावर. शिक्षणाची वर्षं वास्तव्यात धरली जातात, पण हातात अजून विद्यार्थ्याचाच परवाना असेल तर नागरिकत्व मिळत नाही. आधी नोकरीचा परवाना काढायचा, मग अर्ज.

पण या अटीआधी इंटिग्रेशन्सकुर्स, म्हणजे बाहेरून आलेल्यांना भाषा आणि देश शिकवणारा सरकारी अभ्यासक्रम, उभा आहे. भाषेचे ६०० तास, कायदा-इतिहास-समाजाचे १००, प्रत्येक तास ४५ मिनिटांचा. खर्चाचा मोठा वाटा सरकारचा, आणि मुदतीत पास झालं तर स्वतः भरलेल्यातले निम्मे पैसे परत मागता येतात. नोकरदारांसाठी संध्याकाळचे वर्ग असतात. बी१ ला कुणी महाकवी गटे वाचायला लावत नाही. हीटर बंद पडल्याचं घरमालकाला लिहिता यावं, डॉक्टरची वेळ फोनवर बदलून घेता यावी, एवढीच अपेक्षा.

विरारला दिवसभर रिक्षा चालवणाऱ्या अमराठी माणसाने रात्री कुठल्या वर्गात जायचं? आणि तो परदेशी नाही. देशात कुठेही राहण्याचा हक्क त्याला राज्यघटनेनेच दिलाय, म्हणून नागरिकत्वाची तुलना तिथेच मोडते. त्याने मराठी शिकावी असं मलाही मनापासून वाटतं. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागानेच अमराठी प्रौढांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं तयार केली आहेत. ती वॉर्डावॉर्डात न्या, फुकट वर्ग काढा, परीक्षा घ्या, मग खुशाल अट घाला.

आम्हा इथल्या मराठी लोकांना ते वाक्य आवडतं, कारण आम्ही ती परीक्षा पास झालोय. त्यात घमेंड आहे, हे मान्य करायला हवं. जर्मनी आता दुहेरी नागरिकत्व चालवून घेते, भारत नाही. जर्मन नागरिकत्व घेतलं की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं, कार्ड घ्यायचं. त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आली तरच सातबाऱ्यावर नाव चढतं. मराठीचं काय व्हावं हे ठरवणारं मत आम्ही अशा रीतीने सोडून दिलेलं असतं, आणि तरीही हा वाद आम्हाला परका वाटत नाही.