बसकं नाक आणि नाकाचं हाड: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुम्ही अमळनेरहून लिहिलंय, ‘आमना घरमा सगळाच नकटा शेतस, मग सुनेच्या पोटातल्या बाळाचं नाक मोजून आम्हाला कशाला घाबरवता? हा सोनोग्राफीवाल्यांचा धंदा आहे.’ मी धुळ्यात सोनोग्राफीच करते, त्यामुळे टोला मलाही लागला.

पण बाळ नकटं की चाफेकळी नाकाचं, हे सोनोग्राफीत कुणी बघत नाही. बघायचं असतं ते नाकाच्या मुळाशी हाड धरलंय का. त्यासाठी ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतचा काळ योग्य. तेव्हा बाळ डोक्यापासून बुडापर्यंत ४५ ते ८४ मिलिमीटर असतं. चेहरा अगदी बाजूने दिसला की वर कातडीची रेघ, खाली हाडाची तिच्याहून ठळक रेघ, बेरजेतल्या बरोबरच्या (=) चिन्हासारखी. प्रोब (पोटावर फिरवतो ते यंत्र) जरा तिरपा पडला तर असलेलं हाडही दिसत नाही. म्हणून बाळ पालथं असेल तर आम्ही बाईला फिरून यायला सांगतो, तेव्हा नातेवाईक वैतागतात.

आता धास्तीचं. डाउन सिंड्रोम (एका जादा गुणसूत्रामुळे शरीराची-बुद्धीची वाढ मंदावते ती अवस्था) असलेल्या साधारण ६० टक्के बाळांत या काळात हाड दिसत नाही. पण गुणसूत्रं ठीक असलेल्या २-३ टक्के बाळांतही ते दिसत नाही. म्हणजे शंका वाढते, निदान होत नाही. आईचं वय, बाळाच्या मानेमागच्या पाण्याचं माप आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची एक चाचणी) यांच्यासोबतच ते वाचायचं. शंका उरलीच तर आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी एनआयपीटी चाचणी, आणि पक्कं निदान वारेच्या किंवा गर्भजलाच्या तपासणीतून. उलट हाड दिसलं म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. (नाकावरून मुलगा-मुलगी कळत नाही, आणि ते सांगणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे.)

घराण्याचा मुद्दा मात्र तुम्ही अगदीच हवेत मांडलेला नाही. या हाडाची लांबी समाजासमाजात बदलते. पाचव्या महिन्यात ती मिलिमीटरमध्ये लिहितात, तेव्हा नेहमीच्या मापांचा कुठला तक्ता लावला हे जरूर विचारा. परदेशी तक्त्याने आपली बरीच बाळं उगाच ‘आखूड’ ठरतात.

तुमचा राग मला पटतो तो दुसऱ्याच जागी. ‘नेजल बोन नॉट सीन’ (नाकाचं हाड दिसलं नाही) असं इंग्रजीत छापून, चकार शब्द न बोलता कागद हाती देणं वाईटच. धडगावहून एसटीने आलेल्या बाईला ‘आठवड्याने पुन्हा या’ म्हणजे आणखी एक मजुरी बुडणं. कारण तरी नीट सांगावं.

सुनेचा हाड न दिसल्याचा रिपोर्ट १२व्या आठवड्याचा आहे म्हणता. बाकीची मापं ठीक असतील तर आठवडाभराने, १३ आठवडे ६ दिवस उलटायच्या आत, पुन्हा दाखवा. डबल मार्करचा कागद सोबत न्या.