मेलेल्या कर्नलचा हेवा

खुनाच्या कादंबऱ्यांत एक सोज्वळ जात असते. तिच्यात खून होतो, पण कुणाची जेवणाची वेळ चुकत नाही. रक्त दिसलंच तर गालिच्यावर, रुपयाएवढं. मरणारा माणूस पहिल्या प्रकरणात सगळ्यांशी इतक्या तुसडेपणाने वागलेला असतो की तो गेल्यावर वाचकालाही सुटल्यासारखं वाटतं. मग कुणीतरी पेन्शनीतली बाई लोकांना चहा पाजत पाजत खुनी शोधून काढते.

गाव शक्यतो समुद्रकाठचं. ते उगाच नाही. या प्रकाराची महाराणी अगाथा ख्रिस्ती १८९० साली इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्यावर, टॉर्कीला जन्मली. पहिल्या महायुद्धात तिथल्याच इस्पितळाच्या औषधालयात काम करताना तिला विषं समजली. आणि त्याच किनाऱ्यावर बर्ग नावाचं एक बेट आहे. ओहोटीला वाळूवरून चालत जा, भरती आली की वाट पाण्याखाली. खुनासाठी याहून सोयीची जागा देवाने तरी घडवलेली नसावी.

अशाच एका बेटावरची कादंबरी मी पुण्याच्या वाचनालयातून घेतली (महाराणीची नव्हे, तिच्या वाटेने गेलेल्या कुणाची तरी) आणि मे महिन्यात गुहागरला मामाकडे गेलो. समुद्रकाठचा खून समुद्रकाठी वाचावा, एवढीच इच्छा.

कथा साधी होती. काळ १९३० च्या आसपासचा, किनारा डेव्हनचाच. बेटावरच्या हॉटेलात एक पैसेवाले निवृत्त कर्नल. दुपारी चारला ते ‘मला कुणी त्रास देऊ नका’ असं सांगून खोलीत जातात, दार लावून घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मोलकरीण चहा घेऊन जाते तेव्हा मेलेले सापडतात.

इथेच मी पुस्तक मिटून विचारात पडलो. सोळा तास! सोळा तास त्या माणसाच्या दारावर कुणी थाप मारली नाही. ‘झोपलास काय रे?’ नाही, ‘आंब्याचा एक काप खातोस का?’ नाही. एवढा एकांत मला मेल्यावरही मिळणार नाही, तेव्हा तर घर माणसांनी भरलेलं असेल. खुनी कोण याची उत्सुकता होतीच, पण त्याहून मला कर्नलचा हेवा वाटला.

मामाचं घर खालच्या पाटात, म्हणजे गावाच्या खालच्या वस्तीत. पुढे पडवी, पडवीला लागून रस्ता, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की समुद्र. पडवीत झोपाळ्यावर बसून वाचायला घेतलं तर रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस थांबतो. ‘कधी आलास? राहणार किती दिवस? आईचे गुडघे कसे आहेत?’ कर्नलच्या हॉटेलातल्या इन्स्पेक्टरला संशयितांना एवढं विचारायला तीन प्रकरणं लागली होती. इथे ते रस्त्यावरून, सायकलवरून न उतरता होत होतं.

माजघरात गेलो तर मामीने आढीतले आंबे निवडायला बसवलं. वाडीत गेलो तर डास. शेवटी गच्चीवर वाळत घातलेल्या आंब्याच्या साठांची (आंबापोळ्यांची) राखण करायचं काम मी आपणहून मागून घेतलं. कामही होईल, वाचनही होईल. पण कावळ्यांना माणसाचं लक्ष पुस्तकात कधी जातं ते अचूक कळतं. मृतदेह सापडला तिथे पहिलं साठ गेलं, इन्स्पेक्टर आला तिथे दुसरं. मला गच्चीवरून काढण्यात आलं.

राहिला समुद्र. एका संध्याकाळी सुरूच्या बनात सावली बघून बसलो. वारा, लाटा, चिटपाखरू नाही. पानभर वाचून होतंय तोच मागे स्कूटर वाजली. मामा. चेहरा गंभीर.

‘काय झालं?’ मामा म्हणाला.

‘कुठे काय?’

‘घरात काही बोललं का कुणी? मामी काही बोलली?’

वरच्या पाटातून फोन आला होता म्हणे. ‘तुमचा भाचा बनात एकटाच बसलाय, समुद्राकडे तोंड करून. सगळं बरं आहे ना?’ कोकणात समुद्राकडे तोंड करून एकट्याने बसायचा परवाना फक्त पर्यटकांना आहे. घरच्या माणसाने तसं केलं तर त्याचं लग्न, नोकरी किंवा वाटणी यांपैकी काहीतरी बिनसलेलं असतं.

आता ख्रिस्तीबाईंचंच बघा. १९२६ च्या डिसेंबरात त्या स्वतःच नाहीशा झाल्या होत्या. मोटार रस्त्याकडेला टाकलेली सापडली, पोलीस आणि हौशी मंडळी रानं तुडवत होती, आणि बाई हॅरोगेटच्या हॉटेलात दुसऱ्याच नावाने खुशाल उतरलेल्या. ११ दिवस! अखेर हॉटेलातल्या वादकांनी ओळखलं म्हणून सापडल्या. गुहागरात हे प्रकरण चहा निवायच्या आत मिटलं असतं.

त्या रात्री जेवताना खुलासा म्हणून मला कादंबरीची गोष्ट सांगावी लागली. हीच घोडचूक ठरली, पण दुसरा इलाज नव्हता. नाहीतर मामी माझ्या आईला फोन लावायच्या बेतात होती.

‘चारपासून दुसऱ्या दिवशी आठपर्यंत? रात्री जेवायलाही हाक मारली नाही?’ मामीला खुनापेक्षा हे भयंकर वाटलं. ‘मूलबाळ?’

‘नाही. एक पुतण्या आहे.’

‘मग पुतण्याच,’ मामीने भात वाढता वाढता निकाल दिला. मी पन्नासाव्या पानावर होतो.

मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला. तो बिथरला. ‘असं कसं पुतण्याच? हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, कलम २५. खून करणाऱ्याला खून झालेल्याची इस्टेट मिळत नाही. शिवाय एकाच्या मरणाने होतं काय? आपल्या वाडीच्या सातबाऱ्यावर नावं किती आहेत माहितेय? वारसनोंद लागेपर्यंत खुन्याची पेन्शन सुरू होते.’

‘अहो, ते इंग्रज आहेत.’

‘असोत. पुतण्या खुनाच्या वेळी कुठे होता?’

मी सांगितलं. डॉक्टरांच्या मते खून सहाच्या सुमारास झाला, आणि पुतण्या म्हणतो की आपण सहाला बेटावरून निघून वाळूवरून चालत गावात आलो.

‘तिथी कुठली?’

पुस्तकात तिथी कुठून असणार? पण त्या रात्री पूर्ण चंद्र उगवल्याचं एक वर्णन होतं. तेवढं मामाला पुरलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही येतं. ‘पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, म्हणजे सहाच्या आगेमागे ओहोटी. वाळू मोकळी. पोरगा खरं बोलतोय. निर्दोष!’

मामी म्हणाली, ‘पुतण्याच.’ शेजारच्या वहिनी ताकाचं भांडं परत द्यायला आल्या होत्या, त्या मामीच्या बाजूला गेल्या. आवाज चढले. भांडण मिटावं म्हणून मी मोबाइल काढून डेव्हनच्या भरतीच्या वेळा बघितल्या. आणि गार पडलो. त्या किनाऱ्यावर पौर्णिमेची भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास येते. आपल्याकडे ओहोटी तेव्हा त्यांच्याकडे भरती! म्हणजे सहाला वाळू पाण्याखाली. म्हणजे पुतण्या बेटावरच होता. म्हणजे...

दीडशे पानं शिल्लक होती. डेव्हनच्या पोलिसांना जे विसाव्या प्रकरणाशिवाय कळणार नव्हतं ते मला ताकभाताबरोबर कळलं.

मामाने मात्र हार मानली नाही. ‘समुद्र तोच, चंद्र तोच, मग भरती सहाला कशी? लेखकाने घोळ घातलाय.’ किनाऱ्याचा आकार, खाडीची खोली, दर बंदराची वेळ निराळी असते, पण भरती रोज पाऊण तास पुढे सरकते हे सगळीकडे साधारण सारखंच, वगैरे मी सांगून पाहिलं. मामाने ताक प्यायलं.

शेवटचं प्रकरण मी पडवीतच वाचलं, मोठ्याने, भाषांतर करत. घरचे होते, वहिनी होत्या, त्यांच्या जाऊबाई होत्या, आणि नारळ पाडायला आलेला गडी पायरीवर बसला होता. तिकडे हॉटेलच्या दिवाणखान्यात सगळे संशयित जमले तेव्हा इकडची गर्दी त्यांच्याहून जास्त होती. पुतण्याने गुन्हा कबूल केला. मामीने वळूनही पाहिलं नाही, ती नारळ खोवत होती.

‘मग त्या कर्नलचं दिवसपाणी कोणी केलं?’ तिने विचारलं.

‘तसं काही लिहिलेलं नाही.’

‘आणि इस्टेट?’ मामा म्हणाला. ‘पुतण्या बाद. पुढचा वारस कोण?’

‘तेही नाही. इथेच संपतं.’

मामाने पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं, शिवणीशी बोट फिरवलं.

‘वाचनालयाचं ना? शेवटची पानं फाडलीयत कुणीतरी.’