मिरचीची धुरी नको: वटवाघळांबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. वटवाघळं आंधळी असतात, केसांत अडकतात, रक्त पितात. ती घरात येणं अशुभ. कोरोना आणि निपाह त्यांच्यामुळेच आले. म्हणून ती दिवसा झोपलेली असताना मिरचीची धुरी द्या, माळ्यावर डांबरगोळ्या टाका आणि सगळ्या फटी सिमेंटने बुजवून टाका.

पहिल्या गोष्टी गैरसमजाच्या आहेत, त्यांना थोडक्यात उत्तर देता येतं. शेवटचे उपाय मात्र लोक खरोखर करतात. त्यात वटवाघळांचे हाल होतातच, शिवाय घरातल्या माणसांचा धोकाही वाढतो. मला बोलायचंय ते मुख्यतः त्याबद्दल.

“आंधळी असतात, केसांत अडकतात.” वटवाघळांना डोळे असतात आणि दिसतंही. मोठ्या फळखाऊ जातींना तर अंधुक उजेडात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं. कीटक खाणाऱ्या छोट्या जाती, ज्यांना बरेच जण पाकोळ्या म्हणतात, आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. काळोखात चिलट टिपणाऱ्या प्राण्याला आपलं डोकं चुकवणं अवघड नाही. ती डोक्याजवळून जातात, कारण चिलटं आणि डास आपल्याभोवतीच घोंगावत असतात.

“रक्त पितात.” रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत आणि त्या तिन्ही मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या पट्ट्यात सापडतात. आपल्याकडे ओसाड वाड्यांत, जुन्या देवळांत मोठ्या कानांचं एक शिकारी वटवाघूळ राहतं. त्याच्या बैठकीखालची जमीन एकदा नीट पाहा: पतंगांचे पंख, नाकतोड्यांच्या तंगड्या, कधी पालीची शेपटी, कधी उंदराचे अवशेष. त्याचं खाणं हे असं आहे.

“अशुभ असतात.” या समजुतीमागे पुष्कळदा एक खरा अनुभव असतो. सकाळी पडवीत चघळलेल्या चोथ्याचे गोळे, अर्धवट खाल्लेली जांभळं, देशी बदामाच्या बिया पडलेल्या दिसतात. रात्री कुणी आलेलं नसतं. मग कुणीतरी काहीतरी करून टाकलंय असा संशय येतो, शेजाऱ्यांशी बोलणं बंद होतं. हे काम असतं छोट्या फळखाऊ वटवाघळाचं. ते झाडावर बसून खात नाही. फळ तोंडात धरून सुरक्षित आडोशाला येतं, वाशाला उलटं लटकतं, रस पिळून गिळतं आणि चोथा थुंकून टाकतं. पाहायचंच असेल तर रात्री दिवे मालवून गप्प बसा, डोळ्यांसमोर घडेल. चोथा झाडून टाका आणि त्या जागेखाली जुनं पोतं अंथरा. शेजाऱ्याचा त्यात काही दोष नाही.

“कोरोना, निपाह.” हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले. 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा त्यांत निपाहच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या होत्या. त्यात एक जात पाकोळीच्या कुळातली होती, हेही सांगायला हवं. पण विषाणू वटवाघळात असणं आणि तो माणसापर्यंत पोचणं यात अंतर आहे. बांगलादेशात तो मुख्यतः खजुराच्या कच्च्या रसातून पोचला, कारण रस गोळा करायला झाडाला टांगलेल्या मडक्यांवर रात्री वटवाघळं येतात. केरळात 2018 साली तो रुग्णांकडून इस्पितळांमध्ये पसरला. त्यामुळे काळजी कुठे घ्यायची ते स्पष्ट आहे. कुरतडलेलं फळ खाऊ नका, माडाची-शिंदीची मडकी झाकून ठेवा, वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका. कोविडचा विषाणू तर माणसांनी माणसांत पसरवला. माळ्यावरच्या पाकोळ्यांनी तो तुमच्या घरात आणलेला नाही.

ऑस्ट्रेलियात हेंड्रा या निपाहच्या भाऊबंद विषाणूचा अभ्यास झाला आहे. तिथे उपासमार झालेल्या, अधिवास गमावलेल्या फळखाऊ वटवाघळांतून विषाणू जास्त बाहेर पडतो असं दिसलं. त्यांना हैराण करून आपण सुरक्षित होतो, हा हिशेब मला पटत नाही.

“धुरी द्या, फटी बुजवा.” दिवसा फटी बुजवल्या तर आतली वटवाघळं आतच राहतात. काही भिंतीत मरतात आणि आठवडाभर वास सुटतो. उरलेली वाट शोधत खाली, खोल्यांत उतरतात. धुरीने तेच होतं: गुदमरलेली, भेदरलेली वटवाघळं अंथरुणावर, पाळण्याजवळ पडतात. कुणीतरी फडक्याने उचलायला जातं आणि चावा बसतो. धोका टाळायला केलेला उपायच वटवाघूळ माणसाच्या हातात आणून देतो. डांबरगोळ्यांचं म्हणाल, तर मोकळ्या माळ्यावर वटवाघळं हलतील इतका वास करायला ढीगभर गोळ्या लागतील, आणि ती वाफ खाली झोपलेल्यांच्याच छातीत जाणार. लहान मुलांना, विशेषतः ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे त्यांना, ती फार घातक ठरू शकते.

त्यात वेळ निवडली आहे ती सर्वांत वाईट. आपल्याकडच्या बहुतेक जातींची पिल्लं उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत जन्मतात. वर्षाला साधारण एक, काही जातींत दोन. पहिले काही आठवडे पिल्लाला उडता येत नाही. आई बाहेर आणि पिल्लू आत अशी फट बंद केली, तर ते भुकेने मरतं.

मग करायचं काय? एखादंच वटवाघूळ खोलीत शिरलं असेल तर आधी पंखा बंद करा. पंख्याची पाती लागून बरीच मरतात. आतलं दार लावा, खिडक्या सताड उघडा, दिवा मालवा आणि बाहेर थांबा. बहुतेकदा ते थोड्या वेळात आपणच जातं. जमिनीवर पडलेलं असेल तर जाड हातमोजे घालून त्यावर खोका उपडा ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि संध्याकाळी झाडाच्या खोडावर उंचावर सोडा. बऱ्याच जातींना सपाट जमिनीवरून झेप घेता येत नाही.

माळ्यावर वस्ती असेल तर थांबा. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरनंतर, तिन्हीसांजेला अंगणात उभे राहा आणि ती कुठून निघतात ते बघा. सर्वांत छोट्या पाकोळीचं वजन पाच ग्रॅमही भरत नाही. दीड सेंटिमीटरची फट तिला पुरते. आधी भिंतीवर सरपटत येते, क्षणभर चिकटून राहते आणि अंग सोडून देते. त्या जागेखाली भिंतीवर तेलकट डाग असतो, पायाशी काळ्या लेंड्या. लेंडी बोटाने नव्हे, काडीने दाबा. भुगा होऊन त्यात किड्यांच्या पंखांची चकाकी दिसली तर ती वटवाघळाची. उंदराची असेल तर तो भुगा होत नाही.

आत पिल्लं नाहीत याची खात्री करा. मग त्या फटीवर बोट शिरणार नाही इतक्या बारीक भोकांची प्लास्टिकची जाळी लावा. वरून आणि बाजूंनी पक्की, खालून हात-दीड हात मोकळी लोंबती. बाहेर पडणारं वटवाघूळ जाळीखालून निसटतं, परतताना मात्र थेट फटीपाशी येतं आणि त्याला वाट सापडत नाही. आठवडाभर ती राहू द्या. संध्याकाळी कुणीच निघत नाही असं दिसलं की फट बुजवा. पक्ष्यांसाठीची किंवा मासेमारीची जाळी वापरू नका, त्यात ती अडकून मरतात.

कौलारू घरात हे जमेलच असं नाही. तिथे प्रत्येक कौलाखाली दार आहे. वाशांखाली प्लायची किंवा ताडपत्रीची छत मारून लेंड्या खाली पडू न देणं, एवढंच तिथे शहाणपणाचं. साफ करताना नाकातोंडाला मास्क लावा, आधी पाणी शिंपडा आणि मगच गोळा करा. सुक्या लेंड्या झाडल्या की धुळीबरोबर बुरशीचे बीजाणू उडतात. गोळा केलेलं कुजवून झाडांना घाला.

उलट बाजूचाही एक मेसेज फिरतो: एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं. तो आकडा 1960 च्या सुमारास अमेरिकेत बंद खोलीत, भरपूर डास सोडून केलेल्या प्रयोगावरून फुगवलेला आहे. ती डास खातात, पतंग आणि भुंगेरेही खातात, पण त्यांच्या भरवशावर मच्छरदाणी काढू नका.

आणि चावलं किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरांकडे जा. रात्री लहान मूल झोपलेल्या खोलीत वटवाघूळ सापडलं आणि जखम दिसत नसली, तरीही डॉक्टरांना विचारा.