ढकलायला कोण कोण येतंय?

जुन्या गाडीचा विषय निघाला की भला माणूसही बिनदिक्कत खोटं बोलतो. परवा सोलापुरात सात रस्त्याला चहा पिताना आमच्या गल्लीतले एक काका सांगत होते, "आमच्या फियाटनं उभ्या जन्मात एकदा त्रास दिला नाही बघा." हे सांगताना त्यांचा एक हात कमरेवर होता. ती कंबर कशानं गेली ते आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. निम्म्या गल्लीची त्याच कारणानं गेली आहे.

मी तसलं काही सांगणार नाही. आमची पद्मिनी, म्हणजे इथं बनणारी फियाटच, बंद पडायची. सकाळी गार असली की चालू व्हायची नाही, दुपारी गरम झाली की बंद पडायची. लग्नाला जाताना हमखास पडायची, मयतीला जाताना मात्र कधीच नाही. पण ती केव्हा पडणार, कुठं पडणार, कशानं पडणार आणि कोण येऊन चालू करणार, हे आम्हाला घरातून निघतानाच ठाऊक असायचं. इतकी खात्री मला पुढं कुठल्याच गाडीची वाटली नाही. माणसांचं तर सोडाच.

आमच्या अण्णांचं चाटी गल्लीत चादरींचं छोटं दुकान होतं. त्या काळी नवी गाडी नोंदवली की नंबर लागायला वर्षं जायची, म्हणून अण्णांनी मुंबईहून तिसऱ्या हातची आणली. तेव्हा तिचं जे काही बिघडायचं त्याचा बोल कंपनीला लावायचं कारण नाही. आधीच्या दोन मालकांनी तिला भरपूर हाणली होती आणि तिसऱ्यानं सोलापूरच्या उन्हात आणून उभी केली.

हीच गाडी का, याला अण्णांचं उत्तर तयार असे. "वालचंद शेठ आपल्या सोलापूरचे." हे खरं आहे. वालचंद हिराचंद दोशी 1882 साली सोलापुरात जन्मले. विमानाचा कारखाना त्यांनी बंगळूरला काढला, जहाजाचा विशाखापट्टणमला, साखरेचा वालचंदनगरला आणि 1944 साली मोटारीसाठी प्रीमियर कंपनी मुंबईत. अण्णा ही यादी इतक्या अभिमानानं म्हणायचे की आज्जीनं एकदा विचारलंच, "सगळं तिकडं काढलं व्हय रे? मग सोलापूरला काय ठेवलं?"

"सोलापूरला ऊन ठेवलं," आई आतून म्हणाली.

गाडीचं मूळ इटलीचं, फियाट 1100 चं. 1964 पासून ती इथं डिलाइट नावानं बनायला लागली, मग प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. वालचंद शेठ 1953 लाच गेले, म्हणजे पद्मिनी त्यांनी पाहिलीही नाही. पण हे अण्णांना सांगून उपयोग नव्हता. मूळ इटलीचं, जन्म कुर्ल्यातला, नाव चितोडच्या राणीचं, तरी अण्णांच्या हिशेबी ती सोलापूरचीच लेक. "म्हणूनच," आई म्हणायची, "माहेरी आल्यापासून कामाला हात लावत नाही."

सकाळी गाडी काढायची म्हणजे विधी असे. चोकचं, म्हणजे गार इंजिनाला जास्त पेट्रोल पाजायचं, बटण बाहेर ओढायचं, पायानं दोनदा पेट्रोल मारायचं, किल्ली फिरवायची आणि डोळे मिटायचे. कर्र कर्र झालं तर आशा. कर्र... क... र्र झालं तर बॅटरी उतरली. पेट्रोलचा भपकारा आला तर चोक जास्त झाला, आता पाच मिनिटं गप्प बसा. ही पाच मिनिटं अण्णा स्टिअरिंग धरून निश्चल बसत. त्या अवस्थेत त्यांना चहा न्यायचीसुद्धा घरात कुणाची छाती नव्हती.

मग दार उघडून ते बाहेर बघत आणि मोघम विचारत, "ढकलायला कोण कोण येतंय?"

येत नसे असं कुणी नव्हतं. सोलापुरात बंद गाडी दिसली की माणूस काही विचारत बसत नाही, आधी हात लावतो. यंत्रमागावर पहिल्या पाळीला निघालेले, दुधाच्या किटल्या लावलेले, शाळेची पोरं, सगळे सायकली भिंतीला टेकवून यायचे. गाडी नऊशे किलोच्या आसपास, त्यात पुढच्या सीटवर आज्जी. आज्जी उतरायची नाही. तिचं म्हणणं, गाडीत बसायला म्हणून निघाले, मग उतरू कशाला?

ढकलून चालू करण्यात शास्त्र काही अवघड नाही. दुसरा गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा, वेग आला की झटक्यात सोडायचा. चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन नाइलाजानं पेटतं. अवघड काय होतं, तर तो क्षण ओळखणं. कारण मागून ढकलणाऱ्या प्रत्येकाला तो स्वतःलाच कळलाय असं वाटे, आणि आमची गल्ली चार भाषा बोलणारी. डावीकडून "बिडु, बिडु!", उजवीकडून "वदुलु!", मधून "छोडो, छोडो!" आणि सगळ्यांच्या मागून एखादं कार्टं, "सोड की बे!" अण्णांना कन्नड, तेलुगू, दखनी सगळं कळायचं, पण चारही भाषांमधून आलेली आज्ञा पायापर्यंत पोचेतो गाडी कोपऱ्यावरच्या दळपाच्या गिरणीला टेकायला आलेली असायची. तिथं मात्र ती धडधडून चालू व्हायची. ढकलणारे काळ्या धुरात उभे राहून हात झटकायचे. आभार मानायची पद्धत नव्हती. संध्याकाळी अण्णांची तीच गाडी कुणाच्या तरी बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची, तिथं हिशेब मिटायचा.

हिवाळ्यात हे असं. उन्हाळ्यात वेगळंच. मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 ला सहज जातो आणि नव्या पेठेत थांबत थांबत निघालेली गाडी चौकात येऊन खोकते, दोन आचके देते आणि गप्प. बॅटरी ठणठणीत, टाकीत पेट्रोल भरपूर, तरी गप्प. याला वेपर लॉक म्हणतात. त्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनालाच चिकटलेला असे आणि पेट्रोल ओढून घेई. इंजिन तापलं की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. आताच्या गाड्यांत पंप टाकीत असतो, तिथून तो दाबानं पेट्रोल पुढं पाठवतो, म्हणून हा आजार राहिला नाही.

उपाय एकच. पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि सावलीत उभं राहायचं. फडकं गाडीत कायम असे. पाण्याचं मात्र राजकारण होतं. आमच्याकडं नळाला पाणी रोज यायचं नाही, चार-पाच दिवसांनी यायचं, आणि आलं की घरातलं प्रत्येक भांडं भरून ठेवावं लागायचं. त्यातली कळशी अण्णा गाडीसाठी काढून ठेवायचे. रेडिएटरला वेगळी, पंपाला वेगळी. "माणसं चार दिवसांनी अंघोळ करायलेत आणि ही रोज," असं आज्जी गाडीकडं बघत म्हणायची. अण्णांनी मग बोअरचं पाणी घालून बघितलं. त्या जड पाण्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून बुजल्या आणि गाडी दुप्पट तापायला लागली. कळशी पुन्हा सुरू झाली.

आमचे मिस्त्री म्हणजे विजापूर वेशीकडचे एक चाचा. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की हे आत स्टोव्हवर चहा ठेवता ठेवता ओरडायचे, "टॅपेट बोलतंय अण्णा! आणि पाठीमागं उजवीकडं हवा कमी हाय." गाडी अजून दिसलेलीसुद्धा नसायची. हत्यारांत दोन पाने, एक पक्कड, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा. त्या पेपरनं ते डिस्ट्रिब्यूटरमधले, म्हणजे प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डबीतले, पॉइंट घासायचे, फटीत घडी घातलेला कागद सरकवून गॅप बघायचे आणि एवढ्यावर गाडी पंधरा दिवस पळायची. बिलही त्याच पेपरच्या मागं. त्यात "पॉइंट, प्लग, चहा" एवढंच.

अँबॅसडरवाले आम्हाला हसायचे. ती सरकारी गाडी, कलेक्टरांची, म्हणून त्यांचा ताठा वेगळा. पण तिला पुढून हँडल मारावं लागलं आणि ते उलट फिरलं की मनगट गळ्यात घेऊन फिरताना आम्ही पाहिलेत त्यांना. 1983 च्या डिसेंबरात मारुती आली. काही वर्षांनी आमच्या गल्लीतही आली आणि किल्ली फिरवताच चालू झाली. त्या दिवशी बघायला जमलेली माणसं थोडी हिरमुसून परत गेली. ढकलायला म्हणून आले होते बिचारे.

नव्या गाड्या चांगल्याच आहेत, त्यात वाद नाही. मी स्वतः एक चालवतो. ती वर्षानुवर्षं बंद पडत नाही, आणि पडली की काय झालंय ते मला, शेजाऱ्याला, चाचांच्या मुलाला, कुणालाच कळत नाही. पिवळा दिवा लागतो. एक तरुण मुलगा येऊन वायर जोडतो, लॅपटॉपमध्ये बघतो आणि हळहळत सांगतो, "सर, सेन्सर." डॉक्टरसुद्धा इतक्या कमी शब्दांत इतकं घाबरवत नाहीत. ढकलायचीही सोय नाही. ऑटोमॅटिक गाडी ढकलली तर ती नुसती पुढं जाते, चालू होत नाही. आमच्या गल्लीतले काका तरी हात लावून गेले. सवय.

पण खरी पद्मिनी बघायची ती तुळजापूरच्या घाटात. कोजागरी पौर्णिमेला सोलापुरातून हजारो माणसं रात्रभर चालत तुळजापूरला जातात. आज्जीला चालवत नव्हतं, म्हणून आम्ही पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच गाडीनं निघालो. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असल्यानं पुढची सीट सलग. तिच्यावर अण्णा, मधे मी, कडेला आज्जी, तिच्या मांडीवर ओटीचं ताट. मागं आई, आत्या आणि आत्याची मुलं. दाराच्या कोपऱ्यातली तिकोनी काच उलटी फिरवून आज्जी तोंडावर वारा घेत होती. हिप्परग्याचा तलाव मागं पडला, तामलवाडी गेली आणि घाट सुरू होताच बॉनेटमधून वाफ यायला लागली.

अण्णांनी गाडी कडेला घेतली. मी सवयीनं उतरून मागच्या चाकाला दगड लावला. दगड घरचा होता, डिकीत कायम असे. वाफ ओसरल्यावर बघतात तर रेडिएटरला बारीक भोक. कळशी ओतली की खालून धार. आदल्या दिवशीच निघालेले हौशी यात्रेकरू "आई राजा उदो उदो" करत आमच्या बाजूनं पुढं जात होते. चालत निघालेल्यांनी आपल्याला मागं टाकलं याचं आत्याला जास्त लागलं.

एका ट्रकवाल्यानं खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "हळद हाय का?"

हा जुना इलाज. रेडिएटरच्या पाण्यात हळद टाकली की तिचा गाळ बारीक भोकात जाऊन बसतो आणि गळती थांबते. गाव गाठेपर्यंत पुरतं. आमच्याकडं हळद होती. आज्जीच्या मांडीवर होती.

"ओटीची हाय ती," आज्जी म्हणाली.

"आई," अण्णा म्हणाले, "देवी घाटाच्या वर हाय आणि आपण खाली. हळद द्यायची कशी मग?"

आज्जीनं बराच विचार केला. मग चपला काढल्या, खाली उतरली (आमच्या माहितीत ढकलायच्या प्रसंगी ती गाडीतून उतरल्याची दुसरी नोंद नाही), बॉनेटला कुंकू लावलं आणि स्वतःच्या हातानं पुडा रेडिएटरमध्ये रिकामा केला. पाणी भरलं. धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले. तोवर खाली रस्त्यावर पिवळं धमक ओघळ तयार झालं होतं. मागून येणाऱ्या एका म्हातारीनं ते कुंकू आणि ते पिवळं पाणी बघितलं, गाडीला हात लावून नमस्कार केला आणि बॉनेटवर चार आणे ठेवून पुढं गेली. तिच्या मागच्या दोघींनीही ठेवले. आत्याच्या धाकट्यानं पैसे मोजायला घेतले तेव्हा अण्णांनी घाईनं गाडीत बसून हाक दिली. यात्रेकरूच मागं लागले, उदो उदो करत गाडी चढावर रेटली आणि दुसऱ्या गिअरात ती भडकन पेटली. देवळापाशी पोचलो तेव्हा रेडिएटरच्या झाकणाशी हळदीचा फेस आला होता.

पुढच्या वर्षी निघताना आईनं ताटात हळदीचा पुडा ठेवला. आज्जीनं तो उचलून डिकीत दगडाशेजारी टाकला.

"अहो, देवीची हळद ती," आई म्हणाली.

"देवीची तुळजापुरात पण मिळतीय. घाटात कोण दुकान मांडलंय?"